शाईची काट

बस ना, उभी का? कॉफी घे. इथल्या कँटीनची कॉफी कडू असते, पण गरम असते. तू ग्राझहून आलीस, माझ्या जागी प्रॉम्प्टर म्हणून, हे मला ठाऊक आहे. माझा राग तुझ्यावर नाही. ज्याच्यावर होता त्याची गोष्ट सांगतेच. रविवारी हे नाटकाचं पुस्तक तुझ्या हातात असेल, तेव्हा तुला कळायलाच हवी.

सुरुवात अगदी साधी झाली. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी मी स्टेशनसमोरच्या दुकानातून पेन्सिली घेऊन येत होते. मऊ शिशाच्या, सहांचं पाकीट. नव्या नाटकाची तालीम सुरू झाली की प्रॉम्प्टरने नव्या पेन्सिली आणायच्या, ही आमच्या नाट्यगृहाची रीतच आहे. का, ते तुला ठाऊक असेल, तरी सांगते. दिग्दर्शक म्हणतो 'हे कापा', आणि प्रॉम्प्टर पुस्तकात काट मारते. ती काट पेन्सिलनेच मारायची. आज कापलेलं उद्या कोणाला तरी हवं असतं. या पुस्तकात नव्वद वर्षांपूर्वीच्या काटा आहेत, आणि त्यातल्या निम्म्या पुन्हा खोडून उघडलेल्या आहेत. माझ्या आधीची प्रॉम्प्टर, काथराइन बाई, मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "वाली, पेन्सिलने कापलं तर माणूस आत झोपलेला असतो. शाईने कापू नकोस. मग त्याला परत यायला दार कुठलं?"

तेव्हा मी हसले होते. वीस वर्षांच्या पोरीला काय कळणार!

नाटक कुठलं ते तू पाहिलंच आहेस भिंतीवर. 'जकातनाक्यावरचं लग्न.' व्हिएन्नाची जुनी विनोदी संगीतिका, दर पाच-सहा वर्षांनी आम्ही ती काढतो आणि आमच्या लाइटनबर्गचे लोक दर वेळी तितकेच वेडे होतात. वरच्या खोऱ्यांतून बसगाड्या भरून म्हातारेकोतारे येतात, म्हणून आमचा पहिला प्रयोग रविवारी दुपारी तीनला. ती वॉल्ट्झची गाणी ऐकायला येतात म्हणतेस? छे! येतात ते तिसऱ्या अंकासाठी. पहाटेचा जकातनाका, एक टेबल, एक खुर्ची, एक आडवा दांडा, आणि झिंगलेला नाकेदार. त्याला एकही गाणं नाही. अकरा मिनिटं तो एकटा बोलतो.

तो नाकेदार म्हणजे आमचा फेर्डल क्रानावेटर. चाळीस वर्षं.

आता नीट ऐक, कारण सगळं इथेच आहे. नाकेदाराच्या हातात यादी असते. पलीकडे जायची परवानगी मिळालेल्यांची. दहा नावं नाटकातली. नाव घेतलं की दांडा वर, माणूस गेला की दांडा खाली. अकरावी जागा पुस्तकात कोरी आहे. तिथे गावातल्या खऱ्याखुऱ्या माणसाचं नाव यायचं. महापौराचं, पाद्रीबाबांचं, नाहीतर फाटकावरच्या बेकरीवाल्याचं. ज्याचं नाव येईल त्याने प्रेक्षकांत उठून 'हजर!' म्हणून ओरडायचं. मग काय, आठवडाभर तो माणूस गावभर छाती काढून फिरायचा.

आणि ते नाव मी ठरवायची. तेव्हा प्रॉम्प्टरची जागा रंगमंचाच्या पुढच्या काठाला, मधोमध, फळ्यांखाली होती. फेर्डल तिला 'वालीचं बीळ' म्हणायचा. दहा नावं झाली की तो थबकायचा, डोकं खाजवायचा, बुटाची टाच फळीवर तीनदा आपटायचा आणि वाकून माझ्याकडे बघायचा. मी नाव पुटपुटायची. खरंच विसरायचा की सोंग करायचा, चाळीस वर्षांत मला कळलं नाही. नाव मिळालं की खिशातून पाव काढायचा, आत डुकराचं मांस आणि वर ताजा किसलेला क्रेन. तो नाकात जाऊन डोळ्यांतून बाहेर येणारा तिखट मुळा, तो! पाव अर्धा मोडायचा आणि अर्धा मला बिळात द्यायचा. प्रेक्षक टाळ्या वाजवत, आणि मी आत बसून डोळ्यांतून पाणी काढत पाव खायची.

गेल्या सप्टेंबरात नवे संचालक आले. डॉक्टर हेनिंग ल्युडर्स. डॉक्टर कसला, नाटकाचा! साधी सर्दी बरी करता येत नव्हती मेल्याला. उत्तरेकडचा, पार समुद्राकडचा माणूस. हसायच्या आधी इकडेतिकडे बघायचा. पहिलं काम काय केलं असेल? माझं बीळ फळ्या ठोकून बंद केलं. "बाई, हे जुनाट दिसतं." मला डाव्या विंगेत एक स्टँड आणि एक निळा दिवा दिला. बरं, ते मी गिळलं.

मग त्या सोमवारी, नव्या पेन्सिलींचं पाकीट अजून माझ्या पर्समध्ये, आणि हे म्हणतात, "तिसऱ्या अंकातला नाकेदार काढून टाकू. तेरा नंबरच्या गाण्यावरून थेट चौदावर. असल्या थट्टेवर आता कोणी हसत नाही."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "क्रानावेटरचं हे चाळिसावं वर्ष आहे. यानंतर तो थांबणारच आहे. त्याला एक प्रयोग करू दे. फक्त पहिला."

"बाई, मी संगीतिका बसवतोय, निरोपसमारंभ नाही."

मी पाकीट काढलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि स्वतःचं शाईचं पेन पुढे केलं. "पेन्सिल नको. उद्या कोणीतरी खोडरबर घेऊन येईल."

आणि मी ते पेन घेतलं. अगं, दहा पानं! प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळीशार काट. 'नाही' एवढा एक शब्द मला सुचला नाही. जन्मभर दुसऱ्यांना शब्द सुचवत आले, आणि माझ्या वेळेला माझी दातखीळ बसली! दोन वर्षं राहिली होती माझी, ती सुखाने जावीत, एवढीच लाज विकायची किंमत. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

फेर्डल दुपारी आला. त्याने पुस्तक उघडलं. ओरडला नाही, काही नाही. पान बोटाने चाचपलं, पुसून येतंय का बघितलं.

"वाली..." म्हणाला, "शाईने?"

एवढंच. टोपी घातली आणि गेला. तीन दिवसांनी शेजारणीला तो स्वयंपाकघरात सापडला, टेबलाशी बसलेला, हातात किसणी, समोर अर्धवट किसलेला क्रेन. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय.

आणि पुढे ऐक, म्हणजे तुझ्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. त्याला मंगळवारी सकाळी दहाला मूठमाती द्यायची होती. ल्युडर्सने तिसऱ्या अंकाची तालीम लावली, मंगळवारी सकाळी दहा. सूचनाफलकावर लिहिलं, 'गैरहजेरी चालणार नाही.' चाळीस वर्षांचा सोबती, आणि आम्ही पन्नास जण इथे आत! एकही गेला नाही. कबरीपाशी म्हणे पाद्रीबाबा, शेजारीण आणि बेकरीवाला, इतकेच होते.

बाहेर बर्फावर लख्ख ऊन होतं. पण नाट्यगृहाला खिडक्या नसतात. सकाळी दहालाही आत मध्यरात्रच असते. त्या तालमीत मला काही वेगळं दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. तेरावं गाणं झालं, चौदावं सुरू झालं. मध्ये काही नाही. फक्त डोळे चुरचुरत होते. वाटलं, रडू आवरतेय म्हणून असेल.

अंक संपल्यावर एंगेलबर्ट माझ्याकडे आला. एंगेलबर्ट पुश, आमचा रंगमंच-व्यवस्थापक, उजव्या विंगेत बसतो आणि प्रत्येक अंकाची वेळ वहीत टिपतो. तीस वर्षांत त्याचं घड्याळ चुकलेलं नाही.

"वाली, तिसरा अंक किती मिनिटांचा झाला असेल?"

"अकरा मिनिटं कापलीत. अडतीसचे सत्तावीस."

त्याने वही पुढे केली. अडतीस.

"चुकलास."

"मीही तेच म्हटलं. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं... वादकांतल्या तिघांना विचारलं. वाली, आपण अकरा मिनिटं काय करत होतो?"

दुसऱ्या दिवशी अडतीस, तिसऱ्या दिवशी अडतीस. ल्युडर्स भडकले. "तुम्ही मुद्दाम रेंगाळताय! मेलेल्या माणसाच्या नावाने संप करताय!" संगीत चालवणारी बाई बिचारी रडकुंडीला आली, ती शपथेवर सांगत होती की तेरा संपल्यावर तिने लगेच हात उचलला. आणि नेपथ्यवाला सुतार रोज सकाळी तक्रार करायचा की नाक्यावरची खुर्ची कोणीतरी सरकवून ठेवतं, बसून उठल्यासारखी.

पहिला प्रयोग जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनला. थिएटर गच्च. तिसऱ्या अंकाला ल्युडर्स स्वतः माझ्या मागे येऊन उभे राहिले, हातात स्टॉपवॉच. "आज मी बघतो कोण रेंगाळतं ते."

मी ठरवलं होतं, आज डोळे पुस्तकातून वर करायचे नाहीत. तेरावं गाणं संपलं. समूहगायक आत गेले. मी नियमाप्रमाणे दहा पानं उलटून चौदाव्या गाण्यावर जायला हवं होतं. गेले नाही. शाईखालचं वाचत राहिले. अक्षरं दिसत होती, शाई कितीही गडद असली तरी छापील ओळ दिसतेच.

संगीत थांबलं. संगीत चालवणाऱ्या बाईच्या काठीचा खटका झाला आणि मग काहीच नाही. आणि क्रेनचा वास आला. मागून नाही, बाजूनेही नाही. माझ्या बुजवलेल्या बिळाच्या फळ्यांतून. इतका ताजा की डोळे पाणावले.

खुर्ची कुरकुरली...

माझं बोट पहिल्या ओळीवर होतं. ते आपोआप पुढे सरकलं, फेर्डलच्या गतीने. त्याची एक सवय होती, पहिल्या विनोदाआधी उगीच खाकरायचा. बोट तिथे थांबलं. आणि पुढच्या ओळीच्या शेवटी प्रेक्षक हसले.

देवाशपथ हसले. सहाशे माणसं. पुढच्या ओळीला पुन्हा. जिथे पूर्वी हसायची तिथेच, तितकंच. रंगमंचावर आवाज म्हणून काही नव्हता. बोलणं माझ्या बोटाखाली चालू होतं आणि हसणं अंधारात. मी शेवटी वर बघितलंच. दिवा, टेबल, तिरकी सरकलेली खुर्ची. माणूस नाही.

मग यादी. पहिलं नाव माझ्या बोटाखालून गेलं, आणि नाक्याचा दांडा वर गेला. खाली आला. दुसरं नाव. वर... खाली. त्या दांड्याची दोरी कोणाच्या हातात नव्हती, ती मला माझ्या जागेवरून दिसत होती, खिळ्याला गुंडाळलेली. दहा वेळा.

मग अकरावी जागा. कोरी.

तू प्रॉम्प्टर आहेस, तुला वेगळं सांगायला नको. नट अडला की आपण जागेवरून अर्धे उठतोच! तान्हं रडलं की आईला बसवत नाही, तसंच. दहा सेकंद. वीस. कोणी खोकत नव्हतं.

बंद बिळाच्या फळीवर टाच आपटली. तीनदा.

"काय होतं ते?" ल्युडर्स माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांचा श्वास गार लागला. "बाई... हे काय वाचताय तुम्ही? हे कापलंय."

"ठाऊक आहे. मीच कापलंय."

"एक शब्द नाही... ऐकताय ना? एक शब्द बोललात तर उद्यापासून इथे दिसायचं नाही."

पुन्हा टाच. एक... दोन... तीन. तो थांबला होता गं. चाळीस वर्षं मी त्याला कधी अडू दिलं नव्हतं, आणि आता तो त्या बंद फळ्यांकडे वाकून बघत असणार, आणि मी तिथे नाही. माझ्या डोक्यात काय काय उसळलं! ती शाई. तो सूचनाफलक. मंगळवारची ती कबरीकडची रिकामी वाट. आणि मानेवर या माणसाचा श्वास. मी विंगेच्या कडेला झुकले आणि सवयीने जसं पुटपुटते तसं, ओठांच्या टोकाने, नाव सांगितलं.

"डॉक्टर हेनिंग ल्युडर्स."

प्रेक्षकांत जो हशा फुटला! झुंबर थरथरलं. आणि माझ्या मागून, शाळेतलं पोर ओरडतं तसा आवाज आला, "हजर!"

त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. हात तोंडावर होता, डोळे एवढाले. "मी... मी नाही म्हणालो," असं काहीसं पुटपुटले. पण पाय चालू लागले होते. माझ्या शेजारून गेले, उजेडात गेले. लोक टाळ्या पिटत होते. त्यांना वाटलं, नवा साहेब स्वतःचीच थट्टा करून घेतोय, आपल्यातलाच निघाला! त्यांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना दुसरा शब्द सुचवू शकले असते. 'थांबा' एवढाच. नाही सुचवला.

दांडा वर गेला. ते खालून गेले, उजव्या विंगेत शिरले. दांडा खाली आला. चौदावं गाणं सुरू झालं.

अंक संपल्यावर मी धावत उजवीकडे गेले. एंगेलबर्ट त्याच्या टेबलाशी बसला होता, हातात वही.

"ते कुठे गेले?"

"कोण?"

"अरे, ल्युडर्स! आत्ता तुझ्या बाजूला आले!"

"वाली," तो म्हणाला, "माझ्या बाजूला कोणीच आलं नाही." मग वहीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "अडतीस."

पोलिसांनी माळ्यापासून तळघरापर्यंत शोधलं. उजव्या विंगेला बाहेर जायचं एकच दार, आणि त्यापुढच्या अंगणात बर्फावर मांजराचंसुद्धा पाऊल नव्हतं. कचेरीने फलकावर लावलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर'. बाहेर उणे अकरा अंश, आणि रजेवर गेलेल्या माणसाचा ओव्हरकोट अजून खुंटीवर! जाऊन बघ, जिन्याशेजारीच आहे.

मला आनंद झाला का विचारतेस? पहिल्या रात्री झाला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवसापासून नाही. ल्युडर्सच्या पेनाने मी एका माणसाला कापलं, आणि माझ्या तोंडाने दुसऱ्याला. पहिल्या वेळी घाबरून, दुसऱ्या वेळी संतापून. दोन्ही वेळा हाताशी एक चांगला शब्द होता आणि मी तो दिला नाही. प्रॉम्प्टर म्हणवते स्वतःला!

सोमवारी मी सुताराच्या उरावर बसून बिळाच्या फळ्या काढायला लावल्या. सप्टेंबरापासून ते बंद होतं, खिळे गंजलेले. आत माझं जुनं स्टूल, आणि स्टुलावर अर्धा पाव. मोडलेला, कापलेला नाही. पाव मऊ होता. क्रेन ओला होता. सुताराने टोपी काढली आणि पळाला. मी खाली उतरले, बसले आणि तो पाव खाल्ला. नाक मुरडू नकोस. चाळीस वर्षं त्याने दिलेला पाव मी कधी नाकारला नव्हता.

मग पुस्तक उघडलं. शाईच्या काटा जशाच्या तशा आहेत, घे, बघ. आता शेवटचं पान बघ. ती अकरावी जागा. कोरी नाहीये, दिसलं ना?

हो, माझंच नाव. वालबुर्गा त्साइरिंगर. फेर्डलचंच अक्षर, 'ग' असा लोंबता तोच काढायचा.

पण बोट फिरवून बघ. पेन्सिल आहे. त्याला शाई मिळाली नसती असं थोडंच आहे? त्याने मला ती सवलत ठेवली, जी मी त्याला ठेवली नाही. खोडरबर माझ्या खिशात आहे; चार दिवस आहे. मी खोडलं नाही.

म्हणून पुस्तक तुझ्याकडे. स्वतःचं नाव स्वतःला सुचवता येत नाही. रविवारी तू बिळात बस, ते आता उघडं आहे. तेरावं गाणं संपलं की पानं उलटू नकोस, वाचत राहा. वास येईल, डोळ्यांतून पाणी येईल, येऊ दे. तो अडेल. तीनदा टाच वाजेल. तेव्हा घाबरून गप्प बसू नकोस आणि दया येऊन दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नकोस, एवढंच मागते. लिहिलंय ते वाच. मी तिसऱ्या रांगेत बसणार आहे, मधल्या वाटेच्या कडेला, म्हणजे उठताना कोणाच्या पायावर पाय पडायचा नाही.

आणि हे घे, तुला लागतील. तेच सहांचं पाकीट, नोव्हेंबरातलं. त्या दिवसानंतर मी ते फोडलेलंच नाही. बघ, वरचा कागद अजून चिकटलेला आहे.

मोज ना. वरून बोटाने चाचपून मोज.

पाचच आहेत.